अक्षर दिसत नाही, म्हणून चिटणीसपद सोडावे का?

प्रश्न : फोंडा तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वय 54 असून गावातील महिला भजनी मंडळाच्या त्या नऊ वर्षे चिटणीस आहेत. गेल्या दोन वर्षांत दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग, म्हणजे मॅक्युला, निकामी होत गेला आणि चष्म्याचा नंबर बदलून आता फरक पडणार नाही, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले आहे. चालण्याफिरण्यात फारशी अडचण नाही, पण ज्या अक्षराकडे पाहावे नेमके तेच पुसल्यासारखे होते. मंडळाचा सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो. आलेले संदेश कॉलेजात शिकणारा मुलगा वाचून दाखवतो आणि आईच्या नावाने उत्तरेही तोच लिहितो. मंडळात कोणालाच याची कल्पना नाही. गेल्या चवथीच्या आधी तालमीची बदललेली वेळ कोणीतरी कागदावर लिहून त्याचा फोटो गटावर टाकला. मुलगा त्या वेळी घरी नव्हता. त्या नेहमीप्रमाणे चार वाजता देवळात गेल्या, तेव्हा सभामंडप रिकामा होता. पुढच्याच आठवड्यात बहिणीसाठीचा घरगुती संदेश चुकून गटावर गेला. मुलाने फोनमधील ‘टॉकबॅक’ चालू करून पाहिले, पण फोन एकसारखा बोलू लागला आणि बोट लावले तरी काही उघडेना, म्हणून दहा मिनिटांत ते बंद करण्यात आले. येत्या जूनमध्ये मुलगा शिक्षणासाठी पुण्याला जाणार आहे. त्या विचारतात : “अर्धवट आंधळी झाले म्हणून सगळ्यांच्या कीव करण्याचा विषय होण्यापेक्षा आताच मानाने पद सोडून गटातून निघून जावे का? की नवा महाग फोन घेतला तर काही जमेल?”

उत्तर :

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात रिकामा सभामंडप डोळ्यांसमोर राहिला. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की त्या दिवशी चुकलेल्या वेळेचा दोष तुम्ही पूर्णपणे स्वतःच्या माथी घेतला आहे. वेळ बदलल्याची सूचना चिटणीसालाच वाचता येणार नाही अशा रूपात आली आणि ती पाठवणाऱ्या बाईला तसे काही असू शकते हे माहीतच नव्हते, कारण तुम्ही ते कोणाला सांगितलेले नाही. डोळ्यांचे दुखणे तुमच्या हातात नाही, परंतु या दोन गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत. पद सोडण्याचा निर्णय त्या दुरुस्त करून पाहिल्यानंतर घ्यावा, आधी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या पत्रात ‘अर्धवट आंधळी’ हे शब्द आहेत आणि मला वाटते सगळी अडचण त्यांच्यापाशी सुरू होते. दिसते किंवा दिसत नाही, असे दोनच कप्पे आपल्या बोलण्यात असतात, त्यामुळे मधल्या माणसाला आपण कुठले हे सांगता येत नाही. मॅक्युलाच्या विकारात नजरेचा मधला भाग जातो आणि कडेचा राहतो. म्हणून तुम्ही पायऱ्या चढता, तुळशीला पाणी घालता, दारात कोणी आले हे ओळखता, पण त्याच माणसाचा चेहरा आणि हातातील पत्रिका मात्र दिसत नाही. आपल्या कायद्यानेही हा मधला कप्पा मानला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत अंधत्व आणि अल्पदृष्टी यांची वेगळी नोंद आहे. तुमची दृष्टी त्या निकषात बसते का हे तपासून घेण्यासाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील नेत्रविभागात एकदा जाऊन या आणि वाचनासाठी भिंगासारखी कोणती साधने तुम्हाला उपयोगी पडतील हेही तेथेच विचारा. चष्म्याचा उपयोग नाही याचा अर्थ कशाचाच उपयोग नाही असा होत नाही.

याच मधल्या अवस्थेमुळे आणखी एक गोष्ट घडत असणार, जिचा तुम्ही पत्रात उल्लेख केलेला नाही. बुधवारच्या बाजारात समोरून ओळखीची बाई येते, हसते, आणि तुम्ही न हसता पुढे जाता, कारण तुम्हाला तिचा चेहरा दिसलेलाच नसतो. तिला मात्र तुम्ही कोपरा टाळून, खड्डा चुकवून व्यवस्थित चालताना दिसता. ती काय समजेल? लपवण्याने कीव टळते असे तुम्हाला वाटते, पण तिच्या जागी गैरसमज येतो आणि गैरसमजाला उत्तर देण्याची संधीही मिळत नाही.

आता टॉकबॅकविषयी. फोन बिघडला नव्हता आणि तुमच्याकडून चूकही झाली नव्हती. टॉकबॅक ही पडद्यावरचे बोलून दाखवणारी ॲन्ड्रॉइड फोनमधील सोय 2009 पासून आहे. ॲपलच्या आयफोनमध्ये त्याच वर्षापासून ‘व्हॉइसओव्हर’ आहे. ती चालू केली की बोटाची भाषाच बदलते आणि हे आधी कोणी सांगितले नाही तर माणूस घाबरणारच. एरवी एकदा टेकवले की उघडते. टॉकबॅकमध्ये एकदा टेकवले की त्या जागी काय आहे ते फक्त ऐकू येते, आणि उघडायचे असेल तर पडद्यावर कुठेही लागोपाठ दोनदा टेकवायचे असते. पान वर-खाली सरकवायला एका बोटाऐवजी दोन बोटे लागतात. एका बोटाने उजवीकडे हलकेच सरकवले की पुढची गोष्ट वाचली जाते, डावीकडे सरकवले की मागची. बस्स, सुरुवातीला एवढेच.

या उत्तराआधी मी एका संध्याकाळी डोळ्यांवर ओढणी बांधून हे स्वतः करून पाहिले. पहिली पंधरा मिनिटे मला काहीच सापडेना. बोट घाबरत घाबरत ठेवले की आवाज अर्ध्यावर तुटे आणि दुसरेच काही बोलू लागे, कारण थरथरणारे बोट शेजारच्या जागेवर जात होते. मग बोटाने शोधणे सोडून मी फक्त उजवीकडे सरकवत गेले. नाव, शेवटचा संदेश, वेळ. पुन्हा सरकवले, दुसरे नाव. जपाच्या माळेचा एकेक मणी ओढावा तसे. तेव्हा प्रथमच यादी ‘दिसू’ लागली. अर्ध्या तासाने मी भावाचा संदेश शोधून, ऐकून त्याला बोलून उत्तर पाठवले. मला हवी तेव्हा ओढणी सोडता येत होती, म्हणून माझा अनुभव तुमच्या बरोबरीचा मी मानत नाही. दहा मिनिटांत निकाल लावू नये, एवढे मात्र त्यातून खात्रीने सांगते.

तरीही तुम्ही टॉकबॅकनेच सुरुवात करावी असे मला वाटत नाही. तुमच्यापाशी अजून बरीच नजर शिल्लक आहे आणि त्या नजरेला जोड देणाऱ्या सोप्या सोयी आधी वापरून पाहाव्यात. फोनच्या सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात अक्षराचा आकार वाढवता येतो, पडद्याचा भाग भिंगासारखा मोठा करता येतो, रंग उलटे करून काळ्यावर पांढरे अक्षर घेता येते. फोन बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे नावे थोडी बदलतात, विभाग मात्र हाच. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’खाली अक्षराचा आकार वेगळा ठरवता येतो आणि संदेशांमागचे फुलापानांचे चित्र काढून साधी गडद पार्श्वभूमी ठेवता येते. त्याने किती फरक पडतो हे एका दिवसात कळते. याच विभागात ‘सिलेक्ट टू स्पीक’ नावाची सोय आहे. ती चालू केल्यावर फोन नेहमीसारखाच चालतो. ऐकावासा वाटेल तेव्हा तिचे छोटे चिन्ह दाबून संदेशाला बोट लावले की तेवढाच संदेश वाचला जातो. मोठे अक्षर आणि हवे तेव्हा वाचणारा आवाज एवढ्यावर तुमचे सध्याचे काम भागेल असा माझा अंदाज आहे. टॉकबॅक मात्र सोबत शिकत राहा. नजर पुढे कमी झाली तर त्या वेळी घाईने शिकण्यापेक्षा आता निवांतपणे शिकलेले बरे. आवाज मराठी आहे ना हे ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ या सेटिंगमध्ये पाहून घ्या आणि सुरुवातीला त्याचा वेग कमी ठेवा. आवाजाच्या दोन्ही कळा काही सेकंद एकत्र दाबल्यावर टॉकबॅक चालू-बंद व्हावे अशी सोय मुलाकडून करून घ्या, म्हणजे मध्येच गोंधळ उडाला तर बाहेर पडण्याचा दरवाजा तुमच्या हातात राहील. एवढ्यानेच निम्मी भीती जाते.

लोकांसमोर फोन बोलू लागला तर काय, ही शंका पत्रात नाही, पण मनात असणारच. कदंबाच्या बसमध्ये बहिणीचा खासगी संदेश सगळ्यांना ऐकू जाणे कोणालाच नको असेल. त्यासाठी एका कानात इयरफोन घाला आणि दुसरा कान रस्त्यासाठी, माणसांसाठी मोकळा ठेवा. बँकेचा ओटीपीही फोन तसाच मोठ्याने वाचू शकतो, त्यामुळे ही सवय आवश्यकच समजा.

चुकीच्या ठिकाणी गेलेल्या संदेशाविषयी तुम्ही फार खंत केली आहे. चांगली दृष्टी असणाऱ्यांकडूनही हे रोज होते. तरी तो धोका कमी करता येतो. व्हॉट्सॲपवर तीन जणांशी किंवा गटांशी होणारे संवाद यादीच्या वरच्या टोकाला ‘पिन’ करता येतात. बहीण, मुलगा आणि मंडळ, असे तीन पिन करा. नवा संदेश कुठूनही आला तरी हे तिघे खाली जाणार नाहीत आणि रोजच्या सवयीने बोटाला त्यांच्या जागा ठाऊक होतील. मंडळाच्या गटाला सूचनेचा वेगळा सूर लावला तर फोन हातात न घेताही कळेल की निरोप मंडळाचा आहे. आणि एवढे करून चूक झालीच, तर संदेश पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंत तो दुरुस्त करता येतो, आणि सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकायला सुमारे अडीच दिवसांची मुदत असते. ‘सर्वांसाठी हटवा’ हाच पर्याय निवडायचा, हे ध्यानात ठेवा. ‘माझ्यासाठी हटवा’ निवडले तर तो फक्त तुमच्याकडून जाईल आणि गटावर तसाच राहील.

लिहिण्यासाठी गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करण्याची सोय 2017 पासून आहे. ती वापरा, पण पाठवण्याआधी झालेला मजकूर एकदा ऐका. देवतांची, वाड्यांची आणि माणसांची नावे तिथे हमखास बिघडतात. म्हार्दोळच्या कार्यक्रमाचा निरोप भलत्याच गावाचा होऊन जायला नको. घाई असेल तेव्हा सरळ ध्वनिसंदेश पाठवावा. टॉकबॅक चालू असताना माइकच्या चिन्हावर बोट आणून दोनदा टेकवायचे, दुसऱ्या वेळी बोट तसेच दाबून धरायचे आणि बोलून झाल्यावर सोडायचे. नऊ वर्षे भजनात लावलेला तुमचा आवाज मंडळातील प्रत्येकीच्या ओळखीचा आहे. मुलाने लिहिलेल्या ‘ओके’पेक्षा त्यांना तोच आवडेल.

मुलाविषयी एक गोष्ट मात्र थोडी परखडपणे लिहिते. तो मनापासून मदत करतो यात शंका नाही. पण चिटणीस म्हणून तुमच्याकडे येणारे सगळेच निरोप तालमीच्या वेळेचे नसतात. कोणी या महिन्याची वर्गणी का देऊ शकत नाही ते सांगते, कोणी सुनेशी झालेले भांडण लिहिते, कोणी आजारपण कळवते. त्या बायका हे एका बाईला विश्वासाने लिहीत असतात. त्यांना माहीत नसताना ते एक कॉलेजकुमार वाचतो आणि तुमच्या नावाने उत्तर देतो, हे त्या मुलावरही ओझे आहे. त्याचे पुण्याला जाणे तुम्हाला संकट वाटते. मला वाटते, त्याच्या जाण्यापर्यंतचे महिने वाचून घेण्यात न घालवता त्याच्याकडून शिकून घेण्यात घालवावेत. रोज जेवणानंतर अर्धा तास फोन तुमच्याच हातात राहावा आणि मुलाने हात मागे ठेवून फक्त तोंडाने सांगावे. तरुण मुले मदत करताना फोन हातातून ओढून घेतात आणि दोन सेकंदांत काम करून परत देतात. त्याने काम होते, शिकणे होत नाही. ज्या घरांत आईवडिलांना फोन शिकवणे चालू आहे, त्या सर्वांना माझी हीच विनंती आहे.

आता मंडळाला सांगण्याचा प्रश्न. तुम्ही सगळी तयारी केलीत तरी निम्मे काम पाठवणाऱ्यांच्या हातात राहते, म्हणून सांगणे मला अटळ वाटते. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो आला की टॉकबॅक बहुधा ‘फोटो’ एवढेच म्हणून पुढे जातो. छापील पत्रिकेचा फोटो असेल तर ‘गूगल लेन्स’ त्यातील देवनागरी मजकूर ओळखून वाचून दाखवू शकते, पण घाईने लिहिलेल्या अक्षरावर तिचा भरवसा धरता येत नाही. सुप्रभाताच्या चित्रांचेही तसेच. नमस्कार, फुले, दिवे, मोर अशी दहा वेगवेगळी चिन्हे ओळीने पाठवली की आवाज एकेकाचे नाव घेत बसतो आणि खरा निरोप शेवटी येतो. आपल्याकडे भर पडते ती रोमन लिपीची. गोव्यात घरोघरी कोकणी बोलतात, भजन मराठीत गातात आणि फोनवर दोन्ही भाषा इंग्रजी अक्षरांत लिहितात. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले ‘फाल्यां चार वाजतां’ (उद्या चार वाजता) हा आवाज इंग्रजीच्या वळणाने असे काही वाचतो की ‘उद्या’ की ‘परवा’ याचाही पत्ता लागत नाही. तेच शब्द देवनागरीत आले तर मराठी आवाजातूनही कोकणी सहज समजते.

हे सगळे मंडळाला सांगायला लांब भाषण नको आणि क्षमायाचना तर मुळीच नको. मी तुमच्या जागी असते तर गटावर एवढेच लिहिले असते :

“सर्वांना नमस्कार. डोळ्यांच्या दुखण्यामुळे मला बारीक अक्षर वाचता येत नाही आणि चेहरेही लवकर ओळखू येत नाहीत. माझा फोन मला संदेश वाचून दाखवतो, पण फोटोतले अक्षर त्याला नीट वाचता येत नाही. म्हणून तालमीची वेळ, जागा आणि तारीख कृपया देवनागरीत टाइप करून किंवा बोलून पाठवा. फोटो पाठवलात तर त्याखाली एक ओळ लिहा. वाटेत भेटलात तर आधी नाव सांगून हाक मारा. मंडळाचे काम मी नेहमीसारखेच बघेन.”

शेवटचे वाक्य गाळू नका. ते नसेल तर काहीजणी तुमच्या भल्यासाठी म्हणून तुमचे काम परस्पर दुसरीकडे सोपवतील. गटावर टाकण्याआधी अध्यक्षबाईंना किंवा जवळच्या एखादीला प्रत्यक्ष भेटून सांगितलेत तर बरे, म्हणजे पहिले उत्तर समजूतदार माणसाकडून येईल आणि बाकीच्या तोच सूर पकडतील. कोणी कीव करीलही. तिला दोन दिवस करू द्या आणि तिसऱ्या दिवशी वर्गणीचा हिशेब मागा. पुढची तालीम ठरली की तिची वेळ लिहिलेला संदेश गटात ‘पिन’ करून ठेवण्याची पद्धतही सुरू करा. तुमच्याखेरीज ज्यांना जुने संदेश चाळत बसावे लागते, अशा प्रत्येकीची त्याने सोय होईल. मंडळात एखादीला कमी ऐकू येत असेल तर नुसता ध्वनिसंदेश तिच्या कामाचा नाही. म्हणून महत्त्वाची सूचना दोन ओळींत लिहावी आणि बोलूनही पाठवावी, हे चिटणीस या नात्याने तुम्हीच ठरवून द्या. 2023 च्या जानेवारीत पणजीत ‘पर्पल फेस्ट’ हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हापासून ‘सुगम्यता’, म्हणजे सर्वांना वापरता येईल अशी सोय, हा शब्द गोव्यात कानावर येऊ लागला आहे. गावच्या भजनी मंडळात तो अशा एका साध्या नियमातून पोहोचू शकतो.

सावधगिरीची एक सूचना तुमच्यासाठी आणि अशा सोयी वापरणाऱ्या सर्वांसाठी. टॉकबॅकला पडद्यावरचे सगळे वाचता यावे म्हणून ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी लागते. फोनसोबत आलेल्या या सोयींना ती देण्यात धोका नाही. परंतु हीच परवानगी मागणारी फसवी ॲप्सही असतात आणि ती दिली की पडद्यावरचा ओटीपी परक्यालाही वाचता येतो. लग्नाची पत्रिका किंवा बँकेची सूचना म्हणून ‘एपीके’ प्रकारची, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल आली तर ती उघडू नका, ओळखीच्या नावाने आली तरी आधी फोन करून विचारा. “तुमचा टॉकबॅक नीट करून देतो, पडदा शेअर करा,” असे कोणी फोनवर म्हणाले तर फोन ठेवून द्या. आणि पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

नव्या महाग फोनविषयी विचारलेत, तर तूर्त घेऊ नका. मुलाने टॉकबॅक चालू केला त्याअर्थी तुमच्या फोनमध्ये ही सोय आहे. मराठी आवाज त्यात उतरवून घ्या आणि निदान दोन महिने त्यावरच हात बसू द्या, कारण फोन बदलला की प्रत्येक चिन्हाची जागा नव्याने शिकावी लागेल. खर्च करायचाच असेल तर एक चांगला इयरफोन घ्या, शक्यतो वायरचा. त्याला चार्जिंग लागत नाही, आणि पिशवीच्या तळाशी गेला तरी हाताला चटकन सापडतो.